कोडचा उतारा

जमिनीच्या कागदाला पुण्या-साताऱ्यात सातबारा म्हणतात, बंगळुरूकडे पहाणी किंवा आरटीसी म्हणतात. बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात मात्र शेतकरी उताराच मागतो. कर्ज काढायचं असो, वाटणी करायची असो की बांधाचं भांडण असो, आधी उतारा काढायचा आणि मगच पुढचं बोलायचं. संगणकाच्या कामात हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो बंगळुरूत, जयनगरजवळच्या एका छोट्या ऑफिसात, रात्री दीड वाजता.

आम्ही पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्थांसाठी सॉफ्टवेअर करत होतो. महिनाअखेर होती. ठेवींवरच्या व्याजाची आकारणी रात्री आपोआप चालायची आणि सकाळी शाखा उघडण्याआधी खात्यांवर व्याज जमा झालेलं असायचं. त्या रात्री ती मध्येच थांबली. पडद्यावर चूक क्रमांक १४४९ आणि एक ओळ होती: डिफायनर म्हणून नोंदवलेला वापरकर्ता अस्तित्वात नाही. मला नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झाले होते. मला वाटलं, हिशेबात काहीतरी बिघडलं असणार, म्हणून मी कोडच्या फोल्डरमध्ये व्याजाचा कोड शोधत बसलो. तो तिथे नव्हताच. आमचे डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारे, मूळचे बेळगावचे होते. माझ्या खुर्चीमागे येऊन थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "फोल्डरमध्ये काय शोधतोस? डेटाबेसलाच विचार की. आधी उतारा काढ, मग हात लाव."

त्या रात्री मला जे कळलं ते मी आजही नव्या मुलांना सांगत असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

डेटाबेस म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर खतावण्यांचं कपाट येतं: खातेदारांचा एक तक्ता, ठेवींचा दुसरा, व्यवहारांचा तिसरा. हे चित्र बरोबर आहे, पण अपुरं आहे. १९८७ साली आलेल्या सायबेसच्या डेटाबेसमध्ये माहितीबरोबर कामाच्या सूचनाही साठवता येऊ लागल्या. ओरॅकलच्या सातव्या आवृत्तीत, १९९२ मध्ये, ही सोय आली. मायएसक्यूएलमध्ये ती ५.० या आवृत्तीबरोबर २००५ साली आली. अशा साठवलेल्या सूचनांना स्टोअर्ड प्रोसीजर आणि फंक्शन म्हणतात, दोन्हींना मिळून रूटीन. फायदा सरळ आहे. व्याज मोजायचा नियम प्रत्येक शाखेतल्या प्रत्येक संगणकावर ठेवण्याऐवजी माहितीच्या शेजारीच एकदा लिहून ठेवायचा. नियम बदलला की एकाच जागी बदलायचा, आणि हजारो खात्यांची माहिती नेटवर्कवरून इकडेतिकडे वाहून न्यायची गरज नाही. पण यातून एक गोष्ट निघते जी नवशिक्याच्या लक्षात येत नाही. हा कोड डेटाबेसच्या पोटात राहतो. फोल्डरमध्ये त्याची प्रत असली तरी ती प्रतच. चालतो तो आतला.

मग आत काय आहे हे कसं पाहायचं? इथे रिलेशनल, म्हणजे तक्त्यांवर उभ्या, डेटाबेसची मला सर्वांत सुंदर वाटणारी कल्पना येते. ती समजायला आधी ग्रंथालयाकडे वळू.

बंगळुरूत मैसूर रस्त्यावर भारतीय सांख्यिकी संस्थेचं आवार आहे. तिथलं ग्रंथालयशास्त्राचं केंद्र, डीआरटीसी, शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९६२ साली सुरू केलं. १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडणारे हेच रंगनाथन. ग्रंथालयाची तालिका म्हणजे कॅटलॉग ही त्यांच्या आयुष्यभराच्या कामाची एक बाजू होती. कार्डांच्या त्या जमान्यात तालिका एका लाकडी कपाटात असायची आणि पुस्तकं मांडणीवर. कार्ड पुस्तकाबद्दल सांगायचं, पण कार्ड हे पुस्तक नव्हतं. कपाट वापरायची रीत वेगळी, पुस्तक वाचायची रीत वेगळी.

रिलेशनल डेटाबेसची कल्पना एडगर कॉड यांची. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करताना १९७० साली त्यांनी ती शोधनिबंधातून मांडली. पुढे बाजारात प्रत्येक जण आपल्या मालाला रिलेशनल म्हणू लागला, तेव्हा १९८५ मध्ये कॉड यांनी खऱ्या रिलेशनल डेटाबेसची कसोटी ठरवणारे बारा नियम लिहिले. त्यातला चौथा नियम कॅटलॉगचा. त्याचा आशय असा की डेटाबेसचं स्वतःचं वर्णनही साध्या माहितीसारखंच तक्त्यांमध्ये ठेवलं पाहिजे आणि ज्यांना अधिकार आहे त्यांना ते त्याच भाषेत विचारता आलं पाहिजे. म्हणजे तालिकेचं वेगळं कपाट नाही. तालिका हेही त्याच मांडणीवरचं एक पुस्तक, आणि तेही बाकीच्या पुस्तकांसारखंच वाचायचं. ज्या भाषेत आपण 'पन्नास हजारांवरच्या ठेवी दाखव' म्हणतो, त्याच भाषेत 'तुझ्यात व्याज या नावाच्या किती प्रोसीजर आहेत ते दाखव' असं विचारता येतं.

ही विचारायची भाषा म्हणजे एसक्यूएल. तिच्या प्रमाणित नियमांत या तालिकेसाठी इन्फर्मेशन स्कीमा नावाची एक खिडकी ठरवून दिली आहे. तिच्यात रूटीन्स नावाचा एक तक्ता दिसतो आणि त्यात प्रत्येक साठवलेल्या प्रोसीजरची एक ओळ असते. मायएसक्यूएलमध्ये याशिवाय दोन छोट्या आज्ञाही आहेत. शो प्रोसीजर स्टेटस म्हटलं की यादी मिळते, शो क्रिएट प्रोसीजर म्हटलं की पूर्ण कोड समोर येतो. त्या रात्री मी पहिल्यांदा ही ओळ नीट वाचली. नाव, डिफायनर, क्रिएटेड, लास्ट अल्टर्ड, सिक्युरिटी टाइप, एसक्यूएल मोड, अक्षरसंच, कॉमेंट. उताऱ्यावरच्या रकान्यांसारखेच रकाने, आणि उताऱ्यासारखाच प्रत्येकाला स्वतःचा अर्थ.

डिफायनर म्हणजे जिच्या नावाने प्रोसीजर नोंदली गेली ती व्यक्ती, खरं तर तिचं डेटाबेसमधलं खातं. सिक्युरिटी टाइपमध्ये डिफायनर लिहिलेलं असेल तर प्रोसीजर कोणीही चालवली तरी ती या नोंदलेल्या खात्याच्या अधिकारांनी चालते. हे मुखत्यारपत्रासारखं आहे. कारकुनाला तिजोरी उघडायचा अधिकार नाही, पण मालकाने दिलेल्या पत्रावर ठरावीक एक काम तो करू शकतो. रचना चांगली आहे. व्याज जमा करणाऱ्या कारकुनाला सगळ्या खात्यांवर मोकळा हात द्यावा लागत नाही. पण मालकच उरला नाही तर मुखत्यारपत्रही उरत नाही. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं. त्या खात्याचा माणूस नोटीस पिरियड संपवून गेला. त्याने केटी दिली, म्हणजे कामाची माहिती दुसऱ्याकडे सोपवली, निरोपाचा केक कापला, आणि नियमाप्रमाणे त्याच आठवड्यात त्याचं डेटाबेसमधलं खातं काढून टाकण्यात आलं. नियम योग्यच होता. पण त्याच्या नावावर अकरा प्रोसीजर नोंदलेल्या आहेत हे कोणी डेटाबेसला विचारलंच नव्हतं. विचारायला एक ओळ पुरली असती. आम्ही तेव्हा मायएसक्यूएल ५.७ वापरत होतो आणि ती आवृत्ती अशा वेळी काही बोलायची नाही. मायएसक्यूएलच्या ८.०.२२ पासून ही काळजी डेटाबेस स्वतः घेतो: ज्या खात्याच्या नावावर असा कोड आहे ते काढायला गेलं तर तो अडवतो, आणि विशेष अधिकार वापरून काढलंच तर निदान इशारा देतो.

आता माझी चूक सांगतो, कारण ती पुष्कळांच्या हातून होते. ओळीत क्रिएटेडची तारीख दोन महिन्यांपूर्वीची होती. डिफायनरच्या रकान्यातलं नाव मात्र चार वर्षांपासून कंपनीत असलेल्या माणसाचं. मी ठरवून टाकलं की त्याने जाता जाता व्याजाचा नियम नव्याने लिहिला, आणि तसं बोलूनही दाखवलं. डीबीए सरांनी मान हलवली. दोन महिन्यांपूर्वी आम्ही सर्व्हर बदलला होता. जुन्या सर्व्हरवरून कोड उतरवून नव्यावर चढवला होता. असं करताना मायएसक्यूएलचा डम्प, म्हणजे उतरवून घेतलेली प्रत, डिफायनर जपतो, एसक्यूएल मोड जपतो, पण जन्मतारीख जपत नाही. नव्या सर्व्हरवर प्रोसीजर ज्या क्षणी चढते तोच तिचा क्रिएटेड. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे मायएसक्यूएलमध्ये प्रोसीजरचा मजकूर जागच्या जागी बदलताच येत नाही. अल्टर करून कॉमेंट किंवा सिक्युरिटी टाइप बदलता येतो. आतला कोड बदलायचा तर प्रोसीजर काढून पुन्हा घालावी लागते, म्हणजे जन्मतारीख पुन्हा नवी. तेव्हा इथे क्रिएटेड म्हणजे लेखनाची तारीख नव्हे आणि डिफायनर म्हणजे लेखक नव्हे. महसुलाच्या नोंदीबद्दल न्यायालयं हेच सांगत आली आहेत: नाव लागलेलं असणं म्हणजे मालकी सिद्ध होणं नाही. नोंद खोटी नसते. ती कशाची नोंद आहे हे आपल्याला माहीत असावं लागतं.

डम्पवरून आणखी एक आठवलं, आणि हे मी सगळ्यांना आवर्जून सांगतो. मायएसक्यूएलचा नेहमीचा डम्प काढला तर तक्ते येतात, तक्त्यात बदल झाला की आपोआप चालणारे ट्रिगरही येतात, पण प्रोसीजर आणि फंक्शन येत नाहीत. त्यांच्यासाठी रूटीन्सचा पर्याय वेगळा द्यावा लागतो. रोज रात्री बॅकअप घेणाऱ्याला हे माहीत नसेल तर सगळी माहिती सुखरूप आणि ती चालवणारा कोड गायब, असा प्रसंग येतो. बॅकअप दुसरीकडे चढवून तिथल्या रूटीन्सच्या तक्त्यात किती ओळी आहेत हे मोजून पाहणं हा यावरचा उपाय आहे, आणि त्याला पाच मिनिटं लागतात.

जमिनीच्या उताऱ्याकडे एक गोष्ट आहे जी या तालिकेकडे नाही. सातबाऱ्यावर फेरफाराचा क्रमांक असतो. तो घेऊन गाव नमुना ६ मध्ये गेलं की वारसाने, खरेदीने, बक्षीसपत्राने, कशाने नाव बदललं ते सापडतं. कर्नाटकाने २००१ साली भूमी प्रकल्पातून सुमारे २ कोटी नोंदी संगणकावर आणल्या, सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या, तेव्हा हे फेरफारही त्या व्यवस्थेत घेतले. डेटाबेसच्या तालिकेत मात्र फक्त आजचा दिवस असतो. लास्ट अल्टर्ड म्हणजे शेवटचा बदल. त्याआधीचा कोड काय होता, कोणी आणि का बदलला, हे त्या ओळीत नाही. म्हणून गिटसारख्या व्यवस्थेत प्रत्येक बदलाची प्रत ठेवणं हा आपला फेरफार. तो डेटाबेसच्या बाहेर, आपल्या शिस्तीने राखावा लागतो. आणि गिटमधलं व आतलं एकच आहे का, हे अधूनमधून ताडून पाहायचं तर तेही तालिकेला विचारूनच.

प्रत्येक डेटाबेस ही तालिका आपापल्या ढंगाने ठेवतो. ओरॅकलकडे इन्फर्मेशन स्कीमाची प्रमाण खिडकी नाहीच. त्याची स्वतःची डिक्शनरी आहे आणि तिला तीन दारं आहेत: युजरचं दार माझ्या मालकीचं तेवढं दाखवतं, ऑलचं दार मला परवानगी असलेलं, आणि डीबीएचं दार सगळं. सोर्स या नावाच्या व्ह्यूमध्ये कोड ओळीगणिक साठवलेला असतो, एका ओळीला एक नोंद आणि शेजारी ओळीचा क्रमांक. त्यामुळे कुठली प्रोसीजर किती लांब आहे किंवा एखादा शब्द नेमका कितव्या ओळीत आहे हे साध्या प्रश्नाने कळतं. मला ही मांडणी फार आवडते. ओरॅकल प्रत्येक प्रोसीजरची अवस्थाही सांगतो, व्हॅलिड की इनव्हॅलिड. खालचा तक्ता बदलला की त्याच्यावर उभी असलेली प्रोसीजर इनव्हॅलिड होते आणि पुढच्या वेळी हाक मारली की ती पुन्हा जुळवली जाते. शेवटच्या बदलाची तारीख मात्र तिथेही जपून वाचावी. कुणाला ती प्रोसीजर चालवायचा अधिकार दिला तरी ती तारीख पुढे सरकते, कोडमधलं एक अक्षरही बदललेलं नसताना.

पोस्टग्रेसमध्ये पीजी प्रोक हा तालिकेतला तक्ता आहे. तिथे एकाच नावाची अनेक फंक्शन असू शकतात, फक्त त्यांना द्यायच्या किमतींची संख्या किंवा जात वेगळी हवी. म्हणून नुसत्या नावावर विसंबता येत नाही. एकाच गावात एकाच नावाचे तिघे असले की वडिलांचं नाव विचारावं लागतं, तसं इथे कंसातलं पाहावं लागतं. आणि पोस्टग्रेस जन्मतारीख ठेवतच नाही. इन्फर्मेशन स्कीमात तो रकाना आहे, कारण प्रमाणित नियमात आहे, पण तिथे तो कायम रिकामा. ओरॅकलची सवय असलेला माणूस तिथे गेला की गोंधळतो.

एसक्यूएल सर्व्हरचा सापळा याहून वाईट. तिथे इन्फर्मेशन स्कीमाच्या खिडकीतून कोड पाहिला तर पहिली ४००० अक्षरंच मिळतात. समजा आपल्याला ठेवींच्या तक्त्यातला एक रकाना काढायचा आहे आणि तो कुठल्या प्रोसीजरमध्ये वापरला आहे ते शोधायचं आहे. या खिडकीतून शोधलं, सापडलं नाही, म्हणून रकाना काढला, आणि तो शब्द पाच हजाराव्या अक्षरापाशी होता. तिथे सिस्टमच्या एसक्यूएल मॉड्यूल्समध्ये शोधायचं. पूर्ण मजकूर तिथे असतो.

तसं पाहिलं तर कोण कोणावर अवलंबून आहे हे शोधणं हाच या तालिकेचा सर्वांत मोलाचा उपयोग, आणि इथेच तिची मर्यादाही सर्वांत जास्त जाणवते. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर हे दुवे बऱ्यापैकी नोंदवतात. पोस्टग्रेस फंक्शनचा मजकूर अनेक वर्षं नुसती अक्षरांची माळ म्हणून ठेवत असे. आत कुठला तक्ता आहे हे त्याला माहीतच नसायचं. १४व्या आवृत्तीपासून प्रमाणित पद्धतीने लिहिलेल्या एसक्यूएल फंक्शनांचे दुवे तो जपू लागला. मायएसक्यूएल प्रोसीजरच्या आतले दुवे ठेवत नाही. आणि प्रोसीजर चालता चालता तुकडे जोडून आज्ञा तयार करत असेल, म्हणजे तक्त्याचं नाव अर्धं इथून अर्धं तिथून घेत असेल, तर कुठल्याच डेटाबेसला ते आधी कळू शकत नाही. अशा वेळी कोड उघडून डोळ्यांनी वाचण्याला पर्याय नाही.

पाहण्याच्या अधिकाराबद्दलही थोडं बोलायला हवं. मायएसक्यूएलमध्ये पुरेसा अधिकार नसेल तर ओळ दिसते, पण कोडच्या जागी काहीच येत नाही. नवी मुलं समजतात की प्रोसीजर रिकामी आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अधिकार नसेल तर ओळच दिसत नाही. पोस्टग्रेसमध्ये उलट, पीजी प्रोक सहसा कोणालाही वाचता येतो. यातून माझं एक ठाम मत झालं आहे. प्रोसीजरच्या मजकुरात पासवर्ड, गुप्त किल्ली, खातेदाराचा क्रमांक असलं काही कधीही लिहू नये. तालिका वाचण्यासाठीच बनलेली आहे, आणि कोणीतरी ती वाचणारच.

त्या रात्रीकडे परत येतो. दोन वाजून गेले होते. प्रोसीजर जिवंत असलेल्या खात्याच्या नावावर करायची एवढंच काम उरलं होतं. मला एक आडवाट माहीत होती. ५.७ पर्यंत मायएसक्यूएल हा कोड प्रोक नावाच्या अंतर्गत तक्त्यात ठेवायचं आणि काही जण सरळ त्या तक्त्यात जाऊन एक नाव खोडून दुसरं लिहायचे. २०१८ च्या ८.० आवृत्तीत तो तक्ताच गेला आणि ही वाट बंद झाली. सर म्हणाले, "खाडाखोड नको. काढ आणि सरळ पुन्हा घाल." मी शो क्रिएट प्रोसीजरने पूर्ण कोड काढला, फाइलीत ठेवला, डिफायनर बदलला. एंटर दाबणार एवढ्यात त्यांनी हात धरला. "मोड बघितलास काय?"

मी बघितला नव्हता. प्रोसीजर तयार होताना जो एसक्यूएल मोड चालू असतो तो तिच्याबरोबर कायमचा साठवला जातो आणि पुढे ती त्याच मोडमध्ये चालते. ही प्रोसीजर जुन्या, सैल मोडमध्ये जन्मलेली होती. नव्या सर्व्हरचा मोड कडक होता. रकान्यात न मावणारी किंमत आली तर जुना मोड ती छाटून पुढे जायचा, नवा काम थांबवायचा. गटवार बेरजांचे नियमही वेगळे. मी नव्या मोडमध्ये प्रोसीजर घातली असती तर एकही अक्षर न बदलता तिची वागणूक बदलली असती, तीही महिनाअखेरीच्या रात्री. सैल मोड चांगला असं माझं म्हणणं नाही. तो बदलायलाच हवा होता, आणि पुढच्या महिन्यात आम्ही चाचण्या घेऊन बदललाही. पण त्या रात्री नाही. अक्षरसंचाचंही तसंच. काही शेरे कोडमध्येच देवनागरीत आणि कन्नडमध्ये लिहिलेले होते, आणि चुकीच्या अक्षरसंचातून ते चढले असते तर सकाळी पासबुकांवर प्रश्नचिन्हं छापली गेली असती. जुना मोड, जुना अक्षरसंच लावून मग प्रोसीजर घातली. नाव एका माणसाचं न देता फक्त याच कामासाठी केलेल्या खात्याचं दिलं, म्हणजे पुढे कोणी नोकरी सोडली तरी अडायला नको. उरलेल्या दहा प्रोसीजर एकेक करून तशाच बदलल्या.

पावणेतीनला आकारणी पुन्हा सुरू झाली. मी शेवटचा एकदा उतारा काढला. डिफायनर नवा, क्रिएटेड त्याच रात्रीचं. ज्याने चार वर्षं ही आकारणी सांभाळली, लीप वर्षाच्या फेब्रुवारीचा हिशेब नीट बसवला, मुदतीआधी मोडलेल्या ठेवींचा नियम लिहिला, त्याचं नाव त्या ओळीत आता कुठेच नव्हतं. हे मला बरं वाटलं नाही. सरांना विचारलं, मूळ लिहिणारा तोच ना? ते म्हणाले, तोच, पहिल्या ओळीपासून. मग मी कॉमेंटचा रकाना घेतला, तो तोपर्यंत रिकामाच होता. त्यात त्याचं नाव लिहिलं, मूळ साल लिहिलं, आणि त्या रात्री फक्त डिफायनर का बदलला ते लिहिलं. कॉमेंट तेवढी अल्टर करून बदलता येते, त्यासाठी प्रोसीजर पुन्हा काढावी लागत नाही.